तुमच्या कानावर असावं म्हणून

अग्निशमन दलाच्या जवानाच्या हातातला वॉकीटॉकी आणि आपल्या हातातला मोबाइल यांच्यात एक मोठा फरक आहे. मोबाइलवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात, एकमेकांना मध्येच तोडू शकतात, भांडूसुद्धा शकतात. वॉकीटॉकीवर हे जमत नाही. बटण दाबलं की आपला आवाज जातो, पण तेवढा वेळ आपल्याला काहीच ऐकू येत नाही. बटण सोडलं की ऐकू येतं. दोघांनी एकदम दाबलं, तर बाकीच्यांना नुसती खरखर ऐकू येते. नाहीतर ज्याचा सिग्नल जोरदार त्याचंच बोलणं पोचतं आणि दुसऱ्याला पत्ताही लागत नाही, की आपलं बोलणं कुणापर्यंत गेलंच नाही.

त्यामुळे एखादं चॅनेल चार जणांत वाटून घ्यायचं, तर कोण कधी बोलणार एवढंच ठरवून भागत नाही. कोण कधी गप्प बसणार, हेही ठरवावं लागतं.

मोठी दुर्घटना झाली की पोलीस येतात, अग्निशमन दल येतं, रुग्णवाहिका येतात, महापालिकेची माणसं येतात. प्रत्येकाचा रेडिओ वेगळा, फ्रिक्वेन्सी वेगळी, बोलण्यातले सांकेतिक शब्द वेगळे. या सगळ्यांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे, हे कुणालाही पटेल. मग ते होत का नाही? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे माझं पहिलं उत्तर ठरलेलं होतं. दोन सिस्टिम एकमेकींशी बोलत नसतील, तर मध्ये एक अडॅप्टर लिहायचा. यंत्राचा प्रश्न, यंत्राने सोडवायचा.

मग मी ९/११ च्या चौकशी आयोगाचा २००४ सालचा अहवाल वाचला. त्याचं नववं प्रकरण त्या दिवशीच्या बचावकार्याबद्दल आहे. ते वाचल्यावर मला वाटायला लागलं, की हा प्रश्न आधी नीतीचा आहे आणि मग यंत्राचा.

दोन बटणं

गोष्ट ११ सप्टेंबर २००१ च्या बरीच आधी सुरू होते. फेब्रुवारी १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात बॉम्बस्फोट झाला. त्या वेळी लक्षात आलं, की एवढ्या उंच इमारतींत अग्निशमन दलाचे हातातले रेडिओ नीट चालत नाहीत. म्हणून तिथे रिपीटर बसवण्यात आला. रिपीटर म्हणजे क्षीण सिग्नल पकडून तो पुन्हा जोरात सोडणारं यंत्र. इमारतींची मालकी पोर्ट ऑथॉरिटी या संस्थेकडे होती. तिचं म्हणणं होतं, की हा रिपीटर कायम चालू ठेवावा. अग्निशमन दल म्हणालं, नको. तो चालू राहिला तर आसपासच्या भागातल्या आमच्या दुसऱ्या कामांच्या संभाषणात व्यत्यय येईल, तेव्हा गरज पडेल तेव्हाच चालू करू.

सुरुवातीला तो चालू करायचं काम पोर्ट ऑथॉरिटीच्या पोलिसांकडे होतं. अग्निशमन दलाने सांगितलं, की त्यांनी बटण दाबायचं. २००० च्या वसंतात अग्निशमन दलाने मागणी केली, की याचं नियंत्रण दोन्ही मनोऱ्यांच्या लॉबीत, आमच्या माणसांच्या हाताशी असावं. तसं करण्यात आलं. यात काहीच गैर नव्हतं. ज्याची माणसं आगीत शिरणार, त्याच्या हातात बटण असावं हे कुणालाही रास्त वाटेल.

त्या सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी पहिलं विमान उत्तर मनोऱ्यावर आदळलं. ८.५४ ला तिथल्या लॉबीत रिपीटरचं एक बटण दाबलं गेलं. ते कुणी दाबलं, हे कळलेलं नाही. त्यामुळे हातातले रेडिओ त्या चॅनेलवर एकमेकांशी बोलू शकत होते. पण लॉबीतल्या मुख्य हँडसेटवरून बोलायचं, तर दुसरं बटण दाबायला हवं होतं. ते दाबलं गेलं नाही. ९.०५ च्या सुमारास दोन अधिकाऱ्यांनी चाचणी घेतली, तेव्हा हँडसेटवरून आवाज जात नव्हता आणि येतही नव्हता. रिपीटर बंद पडला आहे असं समजून उत्तर मनोऱ्यातल्या अधिकाऱ्यांनी त्याचा नाद सोडला. प्रत्यक्षात तो चालू होता. शेजारच्या दक्षिण मनोऱ्यात एक अधिकारी त्याच चॅनेलवर बोलत ७८ व्या मजल्यापर्यंत पोचला.

इथपर्यंत वाचलं तर गोष्ट यंत्राची आणि प्रशिक्षणाची वाटते. पुढे ती बदलते.

आदेश पोचला, कारण पोचलं नाही

९.५९ ला दक्षिण मनोरा कोसळला. उत्तर मनोऱ्यात तेव्हा शेकडो जवान होते. त्यांच्या अधिकाऱ्याने मिनिटभरातच बाहेर पडायचा आदेश दिला, पण शेजारचा मनोरा पूर्ण कोसळला आहे हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. लॉबीतून काही दिसत नव्हतं. हे दिसत होतं ते वर घिरट्या घालणाऱ्या पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून. १०.०८ च्या सुमारास एका वैमानिकाने पोलिसांच्या चॅनेलवर कळवलं, की उत्तर मनोरा फार काळ उभा राहील असं वाटत नाही. तो पडला १०.२८ ला. मध्ये २० मिनिटं होती.

पोलिसांचं हे बोलणं अग्निशमन दलाला ऐकू जात नव्हतं. हेलिकॉप्टरमध्ये अग्निशमन दलाचा कुणी अधिकारी नव्हता. पुष्कळ जवानांनी बाहेर पडायचा आदेश ऐकला, पण त्यामागचं कारण त्यांना कळलं नाही. त्यामुळे काहींना घाई वाटली नाही, काही जण सोबत्यांसाठी थांबले. काहींपर्यंत आदेशही पोचला नाही, कारण एकाच चॅनेलवर खूप जण बोलत होते. सुट्टीवर असूनही धावून आलेल्या काही जवानांकडे तर रेडिओच नव्हता.

तिसरा तुकडा फोनवरच्या माणसांचा. दक्षिण मनोऱ्यावर विमान आदळण्याआधीच अग्निशमन अधिकाऱ्यांनी दोन्ही मनोरे रिकामे करायचं ठरवलं होतं. पण ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन घेणाऱ्यांना ते कुणी कळवलं नाही. त्यांना शिकवलेलं उत्तर एकच होतं, आहात तिथेच थांबा. ते पुढेही तेच सांगत राहिले.

त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३, पोर्ट ऑथॉरिटी पोलिसांचे ३७ आणि न्यूयॉर्क पोलिसांचे २३ जण गेले. आयोगाने या मृत्यूंचं खापर एकट्या रेडिओवर फोडलेलं नाही आणि मीही फोडणार नाही. कुठला निरोप वेळेत पोचला असता तर नेमके किती जीव वाचले असते, हे कुणी सांगू शकत नाही.

पण एक प्रश्न उरतो. वैमानिकाने आपलं काम चोख केलं. जे पाहिलं ते लगेच आपल्या चॅनेलवर सांगितलं. लॉबीतल्या अधिकाऱ्याने हाताशी असलेल्या माहितीवर योग्य आदेश दिला. फोन घेणारीने शिकवलेलं उत्तर दिलं. कुणी कामचुकारपणा केला नाही, कुणी खोटं बोललं नाही. सगळ्यांनी आपापलं कर्तव्य केलं असेल, तर मधल्या दरीची जबाबदारी कुणाची?

दोष आणि जबाबदारी

आपली सवय अशी, की काही बिघडलं की आधी दोषी शोधायचा. दोषी सापडला की प्रकरण मिटलं आणि नाही सापडला तरी मिटलंच. आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन विचारवंत बाईंनी दोष आणि जबाबदारी यांत फरक केला आहे. त्यांचं यावरचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर, २०११ मध्ये आलं. दोष मागे वळून पाहतो, कुणी काय चुकीचं केलं हे विचारतो. पण काही नुकसान असं असतं, की सगळे नियमाने वागत असतानाच ते घडतं, कारण व्यवस्थेची घडणच तशी असते. तिथे दोषी नसला, तरी त्या घडणीत सामील असणाऱ्या प्रत्येकावर जबाबदारी असते आणि ती पुढे पाहणारी असते. घडण बदलायची जबाबदारी.

न्यूयॉर्कची घडण कशी होती, हे आयोगाने स्पष्ट लिहिलंय. पोलीस आणि अग्निशमन दल दोघंही स्वतःला कामकाजात स्वायत्त समजत होते. २००१ च्या जुलैमध्येच महापौरांनी कुठल्या आपत्तीत नेतृत्व कुणाचं, याचा लेखी निर्देश काढला होता. पण मोठ्या घटनेत एकत्र नेतृत्वाखाली काम करायची दोघांचीही तयारी नव्हती. कागद होता, सवय नव्हती.

आमच्या क्षेत्रात मेल्विन कॉनवेने १९६८ मध्ये मांडलेला एक नियम प्रसिद्ध आहे. संस्था जी यंत्रणा बनवते, तिची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेसारखीच होते. दोन टीम एकमेकींशी बोलत नसतील, तर त्यांची सॉफ्टवेअरंही बोलत नाहीत. न्यूयॉर्कचे वेगळे रेडिओ हे वेगळ्या राहण्याचं कारण कमी आणि परिणाम जास्त होते.

त्याच सकाळी, दुसरीकडे

याला पुरावा त्याच दिवसाचा आहे. ९.३७ ला तिसरं विमान वॉशिंग्टनजवळच्या पेंटागॉनवर आदळलं. तिथे आर्लिंग्टन परगण्याच्या अग्निशमन दलाने नेतृत्व घेतलं आणि आजूबाजूची दलं, एफबीआय, लष्कर असे सगळे त्याखाली कामाला लागले. ९.५५ ला इमारतीचा भाग कोसळणार असं दिसल्यावर नेतृत्व करणाऱ्या अधिकाऱ्याने सगळ्यांना मागे बोलावलं. ९.५७ ला तो भाग कोसळला. बचाव करणाऱ्यांपैकी एकही जण जखमी झाला नाही.

त्यांचे रेडिओ भारी होते का? अजिबात नाही. चॅनेल सुरुवातीलाच तुंबले होते, मोबाइलचा फारसा उपयोग होत नव्हता. शेवटी निरोप घेऊन पळणारी माणसं सगळ्यांत भरवशाची ठरली. तरीही काम झालं, कारण ही दलं आधीपासून एकत्र सराव करत होती, एकमेकांना ओळखत होती आणि नेतृत्व कुणाचं यावर तिथे वाद नव्हता. तुलना पूर्ण समान नाही, हे आयोगानेही म्हटलंय. पेंटागॉनची आग हजार फुटांवर नव्हती, परिसर बंदिस्त करणं सोपं होतं. पण यंत्र अपुरं असतानाही माणसं एकमेकांपर्यंत पोचू शकतात, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आर्लिंग्टनने वापरलेली नेतृत्वाची पद्धत कॅलिफोर्नियातल्या वणव्यांतून आली होती. १९७० मध्ये तिथे १३ दिवसांत १६ माणसं गेली. वेगवेगळी दलं आली होती, पण त्यांचे शब्द, हुद्दे, फ्रिक्वेन्सी काहीच जुळत नव्हतं. पुढे अमेरिकेत असंही ठरलं, की अनेक दलं एकत्र असतील तेव्हा सांकेतिक आकडे सोडून साध्या भाषेत बोलायचं, कारण एकाच आकड्याचा अर्थ दोन गावांत वेगळा निघायचा. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण आपली खास भाषा सोडणं कुणालाच सोपं जात नाही. ती बोलता येते म्हणून तर आपण ‘आतले’ असतो.

सगळ्यांनी सगळं ऐकायचं का?

यावर एक आक्षेप खरा आहे. सगळ्यांना एकाच चॅनेलवर आणलं तर कुणालाच काही ऐकू येणार नाही. न्यूयॉर्कमध्ये अग्निशमन दलाचं स्वतःचं चॅनेलच स्वतःच्या माणसांनी तुंबलं होतं. त्यात पोलीस घातले असते तर काय झालं असतं? शिवाय वेगळं राहण्यामागे नुसता अहंकार नसतो. आपल्या माणसांच्या जिवाला जो जबाबदार आहे, त्याला आपला आदेश आणि आपलं चॅनेल ताब्यात हवं असणं स्वाभाविक आहे. ते दुसऱ्यासाठी उघडण्यात खरा धोका आहे.

म्हणून प्रश्न सगळ्यांनी सगळं ऐकण्याचा नाही. दुसऱ्याच्या जिवाशी संबंधित असलेलं नेमकं काय, ते त्याच्यापर्यंत कसं जाणार आणि त्यासाठी आपण कितपत अडथळा सोसायला तयार आहोत, हा प्रश्न आहे. हेलिकॉप्टरमध्ये अग्निशमन दलाचा एक माणूस बसला असता, तर सगळी फ्रिक्वेन्सी एक करायची गरज पडली नसती. त्यासाठी पोलिसांना फक्त एक जागा द्यावी लागली असती. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने नंतर परस्परसंवादाची जी चौकट केली, तिचे पाच भाग आहेत: निर्णय कोण घेणार, कार्यपद्धती, तंत्रज्ञान, सराव आणि रोजचा वापर. तंत्रज्ञान हा पाचातला एक.

पुढे २०१२ मध्ये तिथे कायदा करून बचाव दलांसाठी फर्स्टनेट नावाचं देशभराचं वेगळं मोबाइल नेटवर्क ठरवलं गेलं. २०१७ मध्ये ते बांधायचं २५ वर्षांचं कंत्राट एटी अँड टी कंपनीला मिळालं. नेटवर्क तुंबलं तर बचाव दलाच्या माणसाला आधी जागा मिळते आणि गरज पडली तर सामान्य माणसाला बाजूला सारलं जातं. आपत्कालीन क्रमांकावरचे फोन मात्र तोडले जात नाहीत. म्हणजे शहरात स्फोट झाला असताना आईला ‘मी ठीक आहे’ सांगणारा कुणाचा तरी फोन लागणार नाही. हे न्याय्य आहे का? मला वाटतं, आहे. तुम्ही जिन्यात अडकलेले असाल की घरी फोनची वाट पाहत असाल हे आधी माहीत नसेल, तर तुम्हीही हाच नियम निवडाल. पण ज्यांच्यासाठी आपण गप्प बसायचं, त्यांनी मग आपसात बोललं पाहिजे. शहराने त्यांच्यासाठी सोडलेली जागा आपापल्या कुंपणात वापरायचा अधिकार त्यांना नाही.

आपल्याकडेही पोलिसांना १००, अग्निशमनाला १०१, रुग्णवाहिकेला १०८ असे वेगळे नंबर होते आणि आता सगळ्यासाठी ११२ आहे. फोन करणाऱ्यासाठी दार एक झालं, हे चांगलंच आहे. दाराच्या आतली माणसं एकमेकांशी किती बोलतात, हे मात्र नंबर ठरवत नाही.

आमचं सगळं हिरवं होतं

हे सगळं मी तटस्थपणे लिहिलेलं नाही. गेल्या वर्षी माझ्या ऑनकॉलच्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास मी एका अलर्टने उठले. अलर्ट किरकोळ होता, पाच मिनिटांत मिटला. लॅपटॉप बंद करताना दुसऱ्या टीमच्या सर्व्हिसचा ग्राफ दिसला. त्यांची रांग वाढत चालली होती. असा ग्राफ पुढे कुठे जातो, हे मला माहीत होतं.

मी त्यांच्या चॅनेलवर लिहिलं नाही. त्यांचा ऑनकॉल असेल, त्यांना अलर्ट गेला असेल, असा विचार केला. मागे एकदा लिहिलं होतं, तेव्हा ‘आमचं लक्ष आहे, थँक्स’ असं कोरडं उत्तर आलं होतं. उगाच कशाला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसा. मी झोपले. चाळीसेक मिनिटांनी ती सर्व्हिस पडली आणि सकाळपर्यंत पुष्कळ लोकांचे पैसे अडकून राहिले. कुणाचा जीव गेला नाही. पण रात्री अडीचला जो पैसे पाठवतो, त्याला बहुधा तशीच निकड असते.

नंतर रिपोर्ट झाला. त्यात आमच्या टीमपुढे लिहिलं होतं, ‘परिणाम नाही.’ आमचं सगळं हिरवं होतं. माझं नाव कुठेही नव्हतं आणि नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. मला तो रिपोर्ट अजून टोचतो.

त्या रात्री मी एक ओळ लिहायला हवी होती, हे खरंच. पण झोपेतून उठलेल्या माणसाच्या सद्सद्विवेकावर यंत्रणा उभी करता येत नाही. खरं काम त्याच्या कितीतरी आधी, सगळं सुरळीत असताना करायचं होतं. त्या कोरड्या उत्तरानंतर मी त्या टीमशी जाऊन बोलायला हवं होतं. त्यांनीही मध्येच आलेल्या माणसाला ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणायला हवं होतं. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण पाण्याबाबत लहानपणीच शिकतो. विश्वासाबाबतही ते तितकंच खरं आहे.

मराठीत एक वाक्प्रयोग आहे: ‘तुमच्या कानावर असावं म्हणून सांगतो.’ शेजारचे काका तो वापरतात, जुने कारकून वापरतात. त्यात हुकूम नसतो, तक्रार नसते, तुमचं काम मी करतो असा आवही नसतो. मी जे पाहिलं ते तुमच्याही उपयोगाचं असू शकतं, पुढचं तुम्ही ठरवा, एवढंच त्यात असतं. ऐकणारा ‘बरं’ म्हणतो. तो ‘तुम्हाला काय करायचंय’ म्हणाला, तर सांगणारा पुढच्या वेळी गप्प बसतो.

दोन खात्यांमधल्या दरीची जबाबदारी कुणाची, याचं माझ्यापुरतं उत्तर यातच आहे. सांगणाऱ्याची आहे आणि ज्याला सांगायचं त्याचीही. आता माझ्या ऑनकॉलच्या आठवड्याच्या सुरुवातीला मी शेजारच्या दोन टीमच्या ऑनकॉलवाल्यांना आपणहून मेसेज करते: या आठवड्यात मी आहे, काही विचित्र दिसलं तर खुशाल उठव. गेल्या महिन्यात त्यांच्यातल्या एकाने पहाटे चारला उठवलं. काही विशेष नव्हतं, त्याचा ग्राफ वाचण्यात घोटाळा झाला होता. तो सॉरी म्हणायला लागला.

मी म्हटलं, बरं झालं सांगितलंस.